गिझर ऐकंना झालाय!

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी आठचा सुमार, बाहेर पावसाची रिपरिप. निपाणीहून अक्काचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, पाऊसपाणी नाही, थेट विषयाला हात.

"अरे, आमचा गिझर ऐकंना झालाय बघ! पेटतोय, चार-पाच मिनटं जळतोय आणि बंद पडतोय. नळ बंद करून परत सोडला की परत पेटतोय. परत तेच. बाळंतीण अर्ध्या अंघोळीत कुडकुडत बसलीया. काय करू सांग."

बाळंतीण म्हणजे माझी भाची. गोकाकला कानडी घरात दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ जेमतेम आठ दिवसांचं. आपल्याकडे बाळंतिणीची अंघोळ म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तेल, चोळणं, कढत पाण्याचे तांब्यावर तांबे, मग बाळाची अंघोळ, मग धुरी. सकाळचा तासभर तरी न्हाणीत पाणी चालूच. आणि नेमका त्याच वेळी गिझर रुसून बसलेला.

फोनमध्ये मागून जावईबापूंचा आवाज येत होता. तेही त्यांच्या आईला दुसऱ्या फोनवर हेच सांगत होते, "अव्वा, नीर काय्वल्दु!"

त्या धांदलीतही मला गंमत वाटली. आपण सीमाभागातली माणसं. मराठीत 'तापंना' म्हणा, कानडीत 'काय्वल्दु' म्हणा, भाव एकच. पाणी तापत नाही एवढंच नव्हे, तर तापायला तयार नाही! यंत्रालाही आपण हट्टी पोराच्या जागी धरतो. आणि एकदा हट्टी म्हटलं की पुढचं ओघानंच आलं. त्याचा हट्ट मोडायचा.

अक्का पुढं म्हणाली, "दुरुस्तीला एक पोरगा आलाय. म्हणतोय, आत एक सेन्सर आहे, तोच उगीच बंद करतोय. त्याच्या वायरी एकमेकीला जोडून टाकतो, परत कधी बंद पडणार नाही. दीडशे रुपये म्हणतोय. देऊ?"

माझा आवाज जरा चढलाच. म्हटलं, "अक्का, त्याला चहा दे आणि घरी पाठव. वायरीला हात लावू देऊ नको. आजचा दिवस पातेल्यात पाणी तापवून घे. उद्या मी येतो."

तांत्रिक शाळेत वर्कशॉप शिकवण्यात माझी उमर गेली. तिथं मुलांना पहिल्या दिवशी सांगायचो, यंत्र आपणहून बंद पडलं तर ते का बंद पडलं हे कळेपर्यंत पुन्हा चालू करायचं नाही. घरात मात्र आपण हा धडा विसरतो. गॅस गिझर आज बेळगाव-निपाणीकडे घरोघरी आहे. इकडचा पाऊस, इकडची थंडी आणि विजेचं बिल, तिन्हीवर तो उतारा. म्हणून आज त्याच्याविषयीच बोलू.

'गिझर बंद पडतो' ही तक्रार अर्धवट आहे, मंडळी. केव्हा बंद पडतो, हे आधी बघायचं. त्यातच निम्मं उत्तर असतं.

नळ सोडला आणि टिक-टिक आवाजच आला नाही, तर दोनच संशयित. एक, सेल. बहुतेक गिझरना दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. न्हाणीच्या ओलीनं त्यांच्या टोकांना हिरवट गंज चढतो. सेल बदलायचे, टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची. दुसरा संशयित, पाण्याचा जोर. पाण्याच्या दाबानं आतला एक पडदा हलतो, तो बटण दाबतो आणि मग ठिणगी पडते. पाणी सावकाश आलं तर पडदा हलतच नाही. स्लॅबवरची टाकी नळाच्या 10 फूट वर असेल तर दाब मिळतो चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.3 किलो, म्हणजे बेताचाच. त्यात दुसऱ्या खोलीत कुणी नळ सोडला की संपलंच. आड किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर आत शिरणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, ती क्षारानं आणि गाळानं भरलेली असते. ती काढून धुतली की पुष्कळ गिझर आपोआप 'ऐकायला' लागतात.

टिक-टिक होते पण ज्योत येत नाही, तर गॅसकडे बघा. सिलिंडर संपत आला आहे का, रेग्युलेटर चालू आहे का, नळी कुठं मुडपली आहे का? सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा अडकलेली असते. दोन-तीनदा नळ सोडबंद केल्यावर पेटतो. पण दोन-तीनदाच. गॅसचा वास यायला लागला तर तिथंच थांबायचं.

ज्योत येते आणि काही सेकंदांत जाते, तर ज्योतीशेजारची ओळख पटवणारी दांडी काजळलेली असण्याचा संभव. ज्योत पेटली आहे हे तिला कळलं नाही, तर गिझर गॅस तोडतो. बरोबरच आहे. ज्योत नसताना गॅस सोडत राहिला तर खोली गॅसनं भरेल. सेल उतरले असले तरी असंच होतं. इथं मात्र मिस्त्रीला बोलवायचं. झाकण आपण उघडायचं नाही.

आणि चौथा प्रकार अक्काच्या घरचा. व्यवस्थित पेटतो, निळा जळतो, काही मिनिटांनी विझतो. याची कारणं तीन. पुष्कळ गिझरना 20 मिनिटांचं घड्याळ असतं. तेवढा वेळ झाला की तो आपणहून थांबतो. दुसरं, पाणी फार गरम झालं तर उष्णतेचा खटका पडतो. नळाची धार बारीक केली किंवा शॉवरची भोकं बुजली की असं होतं. आणि तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. खोलीतला प्राणवायू कमी झाला, की त्यासाठी लावलेला सेन्सर ज्योत विझवतो.

दुसऱ्या दिवशी मी निपाणीला पोचलो. अक्कानं एका जुन्या, भरवशाच्या मिस्त्रींनाही बोलावून ठेवलं होतं. चिकोडीकडचे, कानडी बोलणारे. पिशवी खाली ठेवायच्या आधी ते न्हाणीच्या दारात उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, "अक्कार, किटकी यार मुच्यार री?"

खिडकी कुणी बंद केली? मी गिझरकडे बघत होतो, ते भिंतीकडे बघत होते! न्हाणीला वरच्या बाजूला काचेच्या पट्ट्यांचा झरोका होता. त्यावर आतून पुठ्ठा ठोकलेला, कडांना चिंध्या कोंबलेल्या. दाराच्या खालच्या फटीला गोणपाट. का, तर बाळंतिणीला वारा लागू नये. अक्का निपाणीहून तेच म्हणत होती, भाचीच्या सासूबाई गोकाकहून रोज फोनवर तेच बजावत होत्या, "गाळी बडीबारदु!" दोन्ही आज्ज्यांचं इतकं एकमत मी लग्नाच्या याद्यांतही बघितलं नव्हतं.

मग मी कागद घेतला आणि हिशोब मांडला. तुम्हीही मांडून बघा. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं म्हणजे साडेदहा किलोवॅट उष्णता. काही वाया जाते, म्हणून आग 12 किलोवॅटची धरा. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखंच हे. एक भाग गॅस नीट जळायला 24 ते 31 भाग हवा लागते. त्या मानानं हा डबा मिनिटाला पावणेदोनशे ते दोनशे लिटर हवा खातो. अक्काची न्हाणी 4 बाय 6 फुटांची, उंची 8 फूट. म्हणजे आत हवा साधारण 5,400 लिटर. तिच्यात प्राणवायू 21 टक्के. तो 18 टक्क्यांवर यायला सातवा हिस्सा हवा खर्च व्हावी लागते, म्हणजे पावणेआठशे लिटर. दोनशेनं भागा. चार मिनिटं!

गिझर चार-पाच मिनिटांनी बंद पडत होता. तो बिघडला नव्हता. सगळ्या घरात तो एकटाच शुद्धीवर होता.

मिस्त्रींनी पुठ्ठा काढला, चिंध्या काढल्या, नळ सोडला. दहा मिनिटं झाली, बारा झाली, ज्योत जशीच्या तशी. मग त्यांनी गॅस बंद करून झाकण उघडलं. बर्नरवर कोळ्याचं जाळं आणि एका बाजूला काजळी. ती साफ केली. ज्योतीचं टोक आधी पिवळं येत होतं, ते निळं झालं.

तेव्हा दारात उभी असलेली भाची हळूच म्हणाली, "मामा, दोन-तीन दिवस अंघोळ झाली की माझं डोकं जड होतंय, मळमळतंय. आई म्हणाली वारा लागला असंल. परवा तर न्हाऊ घालणाऱ्या मावशीपण भिंतीला टेकून बसल्या."

माझ्या पोटात गोळा आला. एकाच न्हाणीत दोन बायकांना एकाच वेळी गरगरतंय, आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय. याला वारा लागणं म्हणत नाहीत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. रक्त फिरत राहतं, पण प्राणवायू वाहून नेत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. दाराची कडी काढावी एवढंही मग सुचत नाही. तान्ह्या बाळाला तो मोठ्या माणसापेक्षा लवकर बाधतो. आम्ही त्याच दुपारी मायलेकरांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. देवाच्या दयेनं दोघंही ठीक होती. पण त्या पोरानं आदल्या दिवशी दीडशे रुपयांत वायरी जोडून दिल्या असत्या तर? गिझर तासभर अखंड चालला असता, पाणी कढत मिळालं असतं, आणि आत बाळंतीण, बाळ आणि न्हाऊ घालणारी. पुढचं मला लिहवत नाही.

हे उगीच भीती घालण्यासाठी सांगत नाही. 2025 च्या ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टण इथं दोन सख्ख्या बहिणी न्हाणीघरात दगावल्या, आणि कारण म्हणून गॅस गिझरचंच नाव पुढं आलं. अशा बातम्या दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतात. आपण हळहळतो आणि पान उलटतो.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. 'वास आला नाही, म्हणजे धोका नाही' असं पुष्कळांना वाटतं. सिलिंडरमधल्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. तो न जळलेल्या गॅसचा वास. जळल्यावर जो विषारी वायू होतो त्याला वासच नाही.

दुसरा गैरसमज, 'आमचा गिझर बंद पडत नाही, म्हणजे आमचं सगळं ठीक.' तसंही नाही. स्वस्तातल्या किंवा जुन्या गिझरमध्ये हा सेन्सर नसतोही, किंवा कुणीतरी कधीतरी तो जोडून टाकलेला असतो. शिवाय तो प्राणवायू बघतो. विषारी वायू मोजत नाही. म्हणजे बंद पडणारा गिझर तुम्हाला काही सांगतो तरी. न सांगणाऱ्यापासून जास्त जपायला हवं.

हा किस्सा मी इंग्लंडात असलेल्या पुतणीला सांगितला तेव्हा ती हसली. म्हणाली, "काका, आमच्याकडे पण हेच!" तिकडे घर उबदार ठेवायला आणि नळाच्या गरम पाण्याला मिळून एकच गॅसचा बॉयलर असतो. ज्योत धरली नाही, पाण्याचा दाब उतरला किंवा धुराचा मार्ग अडला, की तो स्वतःला कुलूप लावून घेतो. त्याला ते 'लॉकआउट' म्हणतात. पडद्यावर कारणाचा आकडा येतो, शेजारी रिसेटचं बटण असतं. ती म्हणाली, "एकदा दाबून बघायचं. परत बंद पडला तर दाबत बसायचं नाही, आकडा लिहून घ्यायचा आणि माणूस बोलवायचा." तो माणूसही कुणी ऐरागैरा चालत नाही. 2009 पासून तिथं 'गॅस सेफ रजिस्टर' नावाची नोंदवही आहे. तिच्यात नाव असलेल्यानंच गॅसच्या यंत्राला हात लावायचा, असा कायदा. आणि ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडात भाड्याच्या घरात, जिथं असा बॉयलर आहे त्या खोलीत, कार्बन मोनॉक्साइडची घंटा घरमालकानं लावलीच पाहिजे.

आपल्या गिझरला रिसेटचं वेगळं बटण नाही. नळ बंद करून परत सोडणं हाच आपला रिसेट! म्हणूनच तो दहा वेळा दाबला जातो आणि कुणाला काही वाटत नाही. अक्काकडे आठ दिवस हेच चाललं होतं.

आपल्या जुन्या न्हाणीत शहाणपण होतं, ते आठवतं का? तांब्याचा बंब, मधून वर गेलेलं धुराडं, खाली करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या. वर कौलांच्या फटी. धूर झाला की डोळे चुरचुरायचे, आणि कुणी न सांगता माणूस दार उघडायचा. मुख्य म्हणजे बंबातलं पाणी बादलीत, घंगाळात काढून, विसण घालून मग अंघोळ. आग पेटलेली असताना तिच्याशेजारी दार लावून कुणी तासभर बसत नव्हतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कानडी घरांतून 'नीर तुंबो हब्ब' असतो. हंडे लखलखीत घासून, सजवून, पाणी भरून ठेवतात. मराठी घरांतही बंब घासूनपुसून पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी सज्ज असतो. आता बंब माळ्यावर गेला, न्हाणीची बाथरूम झाली, टाइल्स आल्या, झरोके लहान झाले. आग मात्र घरातच राहिली, आणि तिचा धूर दिसेनासा झाला.

तेव्हा पुढच्या दिवाळीत, थंडीच्या पहाटे घरातली आठ माणसं एकापाठोपाठ एक अंघोळीला जातील, त्याआधी एवढं करा.

गिझर शक्यतो न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. पाणी नळीनं आत आणा. तो आतच असेल तर झरोका कायम उघडा, दाराखाली फट मोकळी. नुसता पंखा लावून भागत नाही. हवा बाहेर जायची तर ती आत यायलाही वाट हवी.

आधी बादल्या भरा, गिझर बंद करा, मग अंघोळ करा. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या अंघोळीला तर हाच एक नियम. वारा लागू द्यायचा नसेल तर गिझर विझल्यावर, हवा खेळल्यावर पडदा ओढा.

गिझरला स्वतंत्र सिलिंडर आणि रेग्युलेटर ठेवा. सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदला. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, जाणत्या मिस्त्रीकडून बर्नर साफ करून घ्या. ज्योत पिवळी दिसली तर वापर थांबवा. बॅटरीवर चालणारी कार्बन मोनॉक्साइडची घंटा आता आपल्याकडेही मिळते, ती लावून घ्या. मात्र घंटा आहे म्हणून झरोका बंद करू नका.

गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 वर फोन करा. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देईना, तर दार उघडा, गिझर बंद करा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला बोलवा. डोक्यावर पाणी मारत तिथंच बसू नका.

आणि कुणी कितीही स्वस्तात सेन्सर जोडून देतो म्हणाला, तरी नको म्हणा.

बाराव्या दिवशी बारशाला गेलो. गोकाकची मंडळी आली होती. पाळणा, कानडी आणि मराठी गाणी आळीपाळीनं, घर गजबजलेलं. भाचीच्या सासूबाईंना सगळी हकीकत कळली होती. सकाळी बाळाच्या अंघोळीची तयारी चाललेली. त्या पदर खोचून न्हाणीत गेल्या, वर नजर टाकली आणि तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं अक्काला ओरडून म्हणाल्या, "मदल किटकी तगी, आमेल नीर बिडु!"

आधी खिडकी उघड, मग पाणी सोड.